आधी खात्री, मग पाना
(गणेशोत्सवातील व्याख्यानमालेत केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



याच व्यासपीठावरून आपण काल संतसाहित्यावर सुंदर व्याख्यान ऐकलं. आज आमची पाळी आहे, आणि आमचा विषय आहे ‘गाडी मिसिंग का मारते?’ कार्यवाहांनी विषय फळ्यावर लिहिला तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, “हे काय नवीन?” आपल्या प्रत्येकाच्या घराखाली एक तरी गाडी उभी आहे आणि ती कधी ना कधी झटके खातेच, तेव्हा विषय आपल्याच घरातला आहे असं समजून ऐकावं, ही विनंती.

‘आम्ही’ म्हणजे चौघे. दोघे खासगी नोकरीत, एक बँकेतून निवृत्त, आणि आज बोलायला उभा केलेला हा चौथा राज्य सरकारच्या नोकरीत, जवळ मेकॅनिकलचा डिप्लोमा. आमच्यापैकी कुणी धंदेवाईक मेकॅनिक नाही. नामपल्लीतल्या एका इमारतीच्या पार्किंगमध्ये रविवारी सकाळी चहा झाला की आम्ही बॉनेट उघडतो. एक टूलबॉक्स, एक मल्टिमीटर, मोबाईलला जोडून गाडीचे कोड वाचणारा एक छोटा स्कॅनर आणि स्टुलावर बसून सल्ले देणारे दोन शेजारी, एवढा आमचा कारखाना. त्या कारखान्यात गेल्या पावसाळ्यात आमच्या हातून एक चूक झाली. ती सांगण्यासाठीच आम्ही हे आमंत्रण स्वीकारलं.

आधी मिसिंग म्हणजे काय ते पाहू. चार सिलिंडरांचं पेट्रोल इंजिन उभ्या जागी मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. फोर-स्ट्रोक इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो. म्हणजे एक सिलिंडर मिनिटाला ४०० वेळा आणि चारही मिळून १६०० वेळा. लेझीमच्या पथकात चार जण ठेका धरून आहेत आणि त्यातल्या एकाचा हात मध्येच चुकतो, तसं एका सिलिंडरने ठेका सोडला की इंजिन थरथरतं, पिकअप जातो, चढावर गाडी मागे ओढल्यासारखी वाटते.

सिलिंडर पेटायला तीन गोष्टी लागतात: योग्य वेळी ठिणगी, योग्य प्रमाणात हवा-पेट्रोल आणि पुरेसा दाब. ठिणगी प्लग आणि कॉइल देतात. पेट्रोल इंजेक्टर देतो. दाब पिस्टन, रिंगा आणि व्हॉल्व्ह सांभाळतात. तिघांपैकी एकही कमी पडला तरी बाहेरून दिसणारं लक्षण एकच: गाडी मिसिंग मारते. सगळा घोळ इथेच होतो. ताप एकच, पण तो मलेरियाचा की टायफॉईडचा हे कपाळाला हात लावून कळत नाही.

आपल्यातल्या ज्येष्ठांना कार्बोरेटर आठवत असेल. जेट काढायचं, फुंकर मारायची, परत बसवायचं, की झालं काम. पुढे प्रदूषणाचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१० रोजी देशातल्या तेरा शहरांत भारत स्टेज ४ लागू झालं. त्यात आपलं हैदराबाद होतं, मुंबई-पुणे होतं आणि सोलापूरही होतं. १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज ६ आलं आणि मोटरसायकल-स्कूटरमध्येही इंजेक्टर आले. इंजेक्टर म्हणजे विजेवर उघडझाप करणारा एक बारीक नळ. त्याच्या एका वायरीला बॅटरीचे १२ व्होल्ट कायम मिळतात. दुसरी वायर गाडीचा कॉम्प्युटर काही हजारांश सेकंदांसाठी अर्थ करतो. तेवढ्यात नळ उघडतो, पेट्रोलचा फवारा उडतो, नळ बंद होतो. तिथे फुंकर मारून भागत नाही.

आता आमची चूक.

आमच्या मंडळातले एक काका आहेत. नाव सांगत नाही, ते समोरच बसले आहेत. त्यांच्याकडे २०१२ सालची पेट्रोल गाडी आहे. मागच्या पावसाळ्यात ती मिसिंग मारायला लागली. काकांनी ती वीस वर्षांच्या ओळखीच्या मेकॅनिककडे नेली. गल्लीतलं एक शटर, दोन पोरं हाताखाली, सगळे त्यांना उस्ताद म्हणतात. उस्तादांनी प्लग साफ केले, चारही इंजेक्टर काढून मशीनवर धुतले, बसवले. गाडी आठवडाभर छान चालली. मग एका पावसाळी सकाळी पुन्हा तेच, आणि बॉनेटखालून येणारी ती धडधड पहिल्यापेक्षा वाईट.

रविवारी काका आमच्याकडे आले. आम्ही स्कॅनर लावला. कोड आला: पी ०३०३. त्यातलं शेवटचं ३ म्हणजे तिसरा सिलिंडर. आम्ही एकमेकांकडे पाहिलं आणि डॉक्टरांच्या थाटात निदान केलं, “काका, तिसरा इंजेक्टर गेला.” काकांनी विचारलं, “पण आत्ताच तर साफ केले ना?” त्यावर आमच्यातला एक जण बोलून गेला, “तुमचेच बसवले असतील कशावरून?”

गंमतीत म्हटलेलं हे वाक्य काकांच्या मनात जाऊन बसलं. आपले चांगले इंजेक्टर काढून उस्तादांनी दुसऱ्या गाडीचे जुने बसवले, अशी त्यांची खात्री झाली. सोमवारी ते दुकानावर गेले आणि चार गिऱ्हाइकांसमोर उस्तादांना चोर म्हणाले. उस्ताद एवढंच म्हणाले, “साब, गाडी लाके खड़ी करो, मैं देखता हूँ।” काकांनी ऐकलं नाही. उलट मंडळातल्या तीन-चार जणांना सांगितलं, तिकडे गाडी नेऊ नका. आणि राणीगंजला जाऊन चार नवे इंजेक्टर घेऊन आले. एका माणसाची वीस वर्षांची पत एका आठवड्यात गेली, ती आमच्या एका वाक्यावरून.

नवे इंजेक्टर आम्ही त्याच दिवशी बसवले असते. एका नियमाने आम्हाला थांबवलं, आणि त्या नियमामागची गोष्ट नामपल्लीत कुणी विसरलेलं नाही. १३ नोव्हेंबर २०२३, दिवाळीचे दिवस. आपल्या बाजारघाटातल्या एका निवासी इमारतीत तळमजल्यावर साठवलेल्या रसायनांच्या पिंपांनी पेट घेतला. धूर वरच्या मजल्यांवर गेला आणि नऊ जणांचा जीव गेला. तळमजल्यावर गाडीचं दुरुस्तीकाम चालू असताना उडालेल्या ठिणगीतून आग लागली, असं त्या वेळी बातम्यांत आलं होतं. आमचंही काम तसंच तळमजल्यावरचं, डोक्यावर तीन मजले, त्यात आमचीच मुलंबाळं. त्या आठवड्यात आम्ही चौघांनी ठरवलं की इमारतीखाली पेट्रोलची लाइन उघडायची नाही. इंजेक्टर काढायचे म्हणजे पेट्रोलची रेल उघडणं आलं. त्या रेलमध्ये तीन-चार बारचा दाब असतो. नीट सोडला नाही तर गरम इंजिनवर पेट्रोल उडतं. ते काम मोकळ्या जागी, किंवा ज्याचा तो धंदा आहे त्याच्याकडे.

म्हणून नवे इंजेक्टर खोक्यातच राहिले. मोकळी जागा मिळेपर्यंत रविवार फुकट का घालवायचा, म्हणून जे तपासायला पेट्रोल उघडावं लागत नाही ते तपासायला बसलो. खरं तर हे आम्ही पहिल्याच रविवारी करायला हवं होतं. तो क्रम आपल्याला सांगतो, कारण कोणीही समजून घेऊ शकेल असाच तो आहे.

पहिली पायरी दिव्याची. डॅशबोर्डवरचा इंजिनाचा पिवळा दिवा स्थिर असेल तर गाडी सावकाश घरी किंवा मेकॅनिककडे नेता येते. तो लुकलुकत असेल तर गाडी बाजूला घ्या. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं. तो भाग लालबुंद होतो, आतून वितळतो, आणि हजारांचं काम लाखाच्या दिशेने जातं.

दुसरी पायरी कोडची. कोड जागा सांगतो, गुन्हेगार सांगत नाही. पोलिसांना फोन आला की ‘तिसऱ्या घरात भांडण चाललंय’, म्हणून त्या घरातला कोणीही धरून नेत नाहीत. पी ०३०३ म्हणजे तिसऱ्या घरात गडबड आहे, एवढंच. कोड पी ०३०० आला, म्हणजे कोणताही सिलिंडर कधीही चुकतो आहे, तर कारण बहुधा सगळ्यांना सामाईक असतं: पेट्रोल, पंपाचा दाब, कुठून तरी शिरणारी जादा हवा. पावसाळ्यात हे विशेष लक्षात ठेवा. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं, आणि पाणी प्रमाणाबाहेर गेलं की दोघं मिळून टाकीच्या तळाशी वेगळे बसतात. पंपाचं तोंडही तळाशीच असतं.

तिसरी पायरी अदलाबदलीची. इंजिन थंड असताना, चावी काढून, आम्ही तिसऱ्या सिलिंडरची कॉइल पहिल्यावर आणि पहिल्याची तिसऱ्यावर लावली. कोड पुसला, गाडी चालवली. दोष कॉइलचा असता तर कोड पी ०३०१ झाला असता. झाला नाही. मग प्लगची अदलाबदल. तरी पी ०३०३. म्हणजे कॉइल निर्दोष, प्लगही निर्दोष. या दोन तपासण्यांना पाना आणि प्लगचा सॉकेट सोडून एक रुपयाही लागत नाही.

चौथी पायरी दाबाची. पेट्रोल पंपाचा फ्यूज काढून, कॉइलचे कपलर सुटे करून, प्लगच्या जागी गेज लावून स्टार्टर फिरवला. चारही सिलिंडरांत १७० पीएसआयच्या आसपास. नेमका आकडा गाडीगणिक वेगळा असतो. एकच सिलिंडर बाकीच्यांपेक्षा बराच खाली नाही ना, ते पाहायचं. आमचे चारही सारखे होते. इंजिन तब्येतीने ठणठणीत.

उरला इंजेक्टर. इथे आमच्या चेहऱ्यावर पुन्हा ‘बघा, म्हटलं नव्हतं?’ असा भाव आला. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजेक्टरच्या अंगाला आणि मूठ कानाला लावली, पट्टे आणि पंख्यापासून हात सांभाळून. पहिला, दुसरा, चौथा: टिक टिक टिक, घड्याळासारखे. तिसरा दबका, मध्येच गप्प. म्हणजे इंजेक्टर नीट उघडत नव्हता. पण नीट उघडत नाही म्हणजे तोच बिघडला, असं ठरत नाही. मुलगा उत्तर देत नसेल तर त्याला प्रश्न ऐकू गेला का, हेही पाहावं लागतं.

इंजिन बंद करून कपलर काढले आणि मल्टिमीटरने इंजेक्टरांच्या आतल्या गुंडाळीचा रोध मोजला. अशा इंजेक्टरचा रोध साधारण १२ ते १६ ओहम असतो. चारही १२ च्या जरा वर. तिसराही. मग चावी फिरवून कपलरमध्ये येणारी वीज मोजली. चारही ठिकाणी १२.४ व्होल्ट. तिसऱ्यातही.

तिथे आम्ही अर्धा तास अडकलो. वीज येते, गुंडाळी ठीक, तरी इंजेक्टर दबका. दुसरा चहा झाला. निवृत्त बँकवाले मित्र म्हणाले, “आमच्या वरच्या मजल्यावरच्या नळासारखं आहे हे. तोटी बंद असली की पाइपात फोर्स भरपूर वाटतो, उघडली की करंगळीएवढी धार.” तो रविवार या वाक्याने सुटला. मल्टिमीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, म्हणून एका तारेच्या धाग्यावरूनही तो पूर्ण १२ व्होल्ट दाखवतो. इंजेक्टरला मात्र सुमारे एक अँपिअर लागतो. तेव्हा ओझं टाकून पाहायला हवं होतं.

आम्ही इंडिकेटरचा २१ वॅटचा बल्ब घेतला. एक टोक बॉडीला अर्थ, दुसरं कपलरच्या १२ व्होल्टच्या पिनला. पहिल्यावर लख्ख. दुसऱ्यावर लख्ख. चौथ्यावर लख्ख. तिसऱ्यावर विझत्या निरांजनासारखा. इथे एक ताकीद: हा बल्ब फक्त १२ व्होल्टच्या वायरीवर लावायचा. दुसरी वायर कॉम्प्युटरकडे जाते, तिथे बल्ब लावाल तर कॉम्प्युटरच जाऊ शकतो. कोणती वायर कोणती हे ठाऊक नसेल तर हात लावू नका.

बॅटरी सुटी करून वायरिंगवरची काळी नळी उलगडली. इंजिनाच्या मागच्या बाजूला, जिथे रात्री ऊब राहते, तिथे वायरीचं आवरण कुरतडलेलं. आतली तांब्याची तार पावसाळी हवेने हिरवी पडलेली, दोन धागे शिल्लक. शेजारी भुईमुगाची टरफलं आणि चिंधीचं घरटं. उंदीरमामा! ज्यांच्या उत्सवासाठी आपण जमलो आहोत त्यांच्या वाहनाने आमच्या वाहनाला हिसका दाखवला होता.

मग सगळं जुळलं. उस्तादांनी इंजेक्टर काढताना वायरी हलल्या, ते दोन धागे बरे टेकले, गाडी आठवडाभर चालली. पाऊस झाला, तार आणखी सडली, गाडी पुन्हा मिसिंग. इंजेक्टर काकांचेच होते, आणि चांगले होते.

कुरतडलेला भाग कापून त्याच जाडीच्या वायरीचा तुकडा दाबजोडाने जोडला, वर नळी चढवली. डाग द्यायला गरम इस्त्री वापरली नाही, कारण हाताच्या अंतरावर पेट्रोलची रेल होती. बॅटरी लावली, गाडी सुरू केली. चौघं लेझीमवाले पुन्हा एका ठेक्यात. खर्च चाळीस रुपयांच्या आत. चार नवे इंजेक्टर दुकानदाराने परत घेतले नाहीत. इलेक्ट्रिकल माल कोणीच परत घेत नाही. त्यांचे अर्धे पैसे आम्ही चौघांनी काकांना दिले, कारण निदान आमचं होतं.

पण खरी दुरुस्ती बाकी होती. त्याच संध्याकाळी आम्ही आणि काका उस्तादांच्या घरी गेलो. कुरतडलेला तुकडा खिशात होता, तो त्यांच्या हातात ठेवला. त्यांनी चष्मा लावून उलटसुलट पाहिला. म्हणाले, “ये मेरे को बी देखना था, मैं बी नै देखा। गल्ती मेरी बी है।” चहा मागवला. काका माफी मागत होते, ते ‘जाने दो’ म्हणत होते. मग कप खाली ठेवून हळूच म्हणाले, “मगर साब, उस दिन गिराक के सामने नै बोलना था।”

कोणी काही बोललं नाही. परतताना काका गाडीत गप्प होते. पुढच्या सर्व्हिसिंगला ते त्याच शटरवर गेले, आणि मुद्दाम सकाळी दहाला गेले, गिऱ्हाइकांची गर्दी असते तेव्हा. चारचौघांत चोर म्हटलं होतं, चारचौघांतच माफी मागितली. आज त्यांनीच आम्हाला सांगितलं, हे भाषणात सांगा.

जाता जाता थोड्या कामाच्या गोष्टी. डिझेल गाडीच्या इंजेक्टरला घरी हात लावू नका. आताच्या कॉमन रेलमध्ये हजार बारच्या वर दाब असतो. बारीक फवारा कातडी फोडून आत जातो, जखम टाचणीएवढी दिसते, पण हात गमवायची वेळ येते. थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल मारणाऱ्या नव्या इंजिनांचं, सीएनजीचं आणि हायब्रिडचंही तेच: कोड वाचा, लिहून घ्या, जाणकाराकडे न्या. पेट्रोलचा वास येत असेल, गरम गाडी सुरू व्हायला वेळ लागत असेल, डिपस्टिकवर ऑइलची पातळी वाढलेली दिसत असेल, तर एखादा इंजेक्टर गळत असण्याची शक्यता आहे. तेव्हा गाडी सुरू करू नका. कोणतंही काम करताना बाजूला आग विझवायचं सिलिंडर ठेवा, आणि पार्किंगमध्ये रंग, थिनर, पेट्रोलच्या कॅन साठवू देऊ नका, मग त्या कुणाच्याही असोत. गाडी पावसाळ्यात महिनाभर उभी ठेवू नका, आठवड्यातून एकदा तरी बॉनेट उघडून पाहा, आणि प्रसादाचे खोबऱ्याचे तुकडे गाडीत विसरू नका.

मेकॅनिककडे गेलात तर ‘इंजेक्टर बदला’ असं सांगू नका. काय होतं, कधी होतं, थंड गाडीला की गरम, उन्हात की पावसात, एवढं सांगा. आणि त्यांनी भाग बदलायला सांगितला तर नम्रपणे विचारा, “कशावरून?” हाच प्रश्न आम्ही त्या पहिल्या रविवारी स्वतःला विचारायला हवा होता.

बाप्पा बुद्धीची देवता आहेत. त्यांनी आम्हाला या वर्षी ती जरा उशिरा आणि मूषकामार्फत दिली. आपल्याला ती वेळेवर मिळो, ही प्रार्थना.

गणपती बाप्पा मोरया!